तळटीप : पेक्सिगॅनन

१. लेखात उल्लेख ओझरता आहे, म्हणून थोडे विस्ताराने. १९८७ साली मायकेल झॅस्लॉफ यांनी आफ्रिकी नखी बेडकाच्या त्वचेतून मॅगेनिन ही २३ अमिनो आम्लांची जंतुनाशक साखळी वेगळी केली. पेक्सिगॅनन ही तिचीच प्रयोगशाळेत घडवलेली बहीण. लायसीन वाढवून तिचा धनभार मुद्दाम चढवलेला. पाण्यात ती सैल, बेढब असते. जिवाणूच्या पटलाचा बाहेरचा थर ऋणभारित, म्हणून ती तिकडे ओढली जाते आणि टेकताच मळसूत्रासारखी वळते : एक बाजू पाण्याकडे, दुसरी मेदात. पुरेशा साखळ्या जमल्या की मेदाचा थरच आत वाकतो. अशा छिद्राच्या भिंतीत मेदरेणूही असतात. लेखकाचे ‘भोक पाडते’ त्यामुळे जरा ढोबळच. त्यातून आयन गळतात, पटलावरचा विद्युत्‌दाब कोसळतो, जिवाणू मरतो. आपल्या पेशींचा बाहेरचा थर जवळजवळ भाररहित, शिवाय त्यात कोलेस्टेरॉल, म्हणून त्या बहुतांशी वाचतात. मात्रा फार वाढली तर तांबड्या पेशीही फुटतात. मधुमेहींच्या पायाच्या जखमांवरील मलम म्हणून चाचण्या झाल्या, पण उपलब्ध प्रतिजैविकापेक्षा ते सरस न ठरल्याने १९९९ साली अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने मान्यता नाकारली. — संपा.