मंडळी कोणासाठी? नगरच्या पहिल्या चर्चची गोष्ट

मंडळी, नमस्कार. मी तुम्हाला ‘मंडळी’ म्हणालो. मराठी ख्रिस्ती लोक आपल्या चर्चच्या समुदायालाही मंडळीच म्हणतात. आज सेनगावात बसून अशाच एका लहान मंडळीचा इतिहास पाहू. ती आपल्या निजामी मुलखातली नव्हे. इंग्रजी अमलातल्या अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची. प्रश्न मात्र आपल्या सगळ्यांचा आहे. धर्मसंस्था नेमकी कोणासाठी असते?

डिसेंबर १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे ग्रेव्ह्ज, हार्वी आणि रीड नगरला आले. सोबत बाबाजी नावाचे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण होते. आले होते उपदेशासाठी. पण गावात निराधार माणसं होती. आजारी, अपंग, कोणी न विचारणारी. त्यांच्यासाठी एक निवारा होता, त्याची देखरेख बाबाजींकडे आली. १८३२ मध्ये हार्वी पटकीने गेले. १८३३ मध्ये नगरची पहिली मंडळी स्थापन झाली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या सभासदांत बरेचसे या निवाऱ्यातले होते. त्याच वर्षी बाबाजीही पटकीनेच वारले.

आता तुमच्या मनात शंका आली असेल. ती यायलाच हवी. ही माणसं भाकरीसाठी तर ख्रिस्ती झाली नाहीत ना? मिशनच्या इतिहासात हा आरोप वारंवार झाला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कांट म्हणतो, माणसाला केवळ साधन मानू नका, तो स्वतःच साध्य आहे. सेवा जर संख्या वाढवण्याचं साधन असेल, तर ती सेवा नव्हे, व्यवहार झाला.

मग हे पारखायचं कसं? माझं म्हणणं साधं आहे. जे मंडळीत आले त्यांच्याकडे पाहून नाही, जे कधीच आले नाहीत त्यांच्याकडे पाहून.

सिंथिया फरार ही अमेरिकन शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईत आली आणि १८३९ पासून नगरला राहिली. तिथे तिने मुलींच्या शाळा चालवल्या. १८६२ मध्ये तिचा मृत्यूही नगरलाच झाला. तरुण जोतीराव फुले मित्र गोवंडे यांच्याबरोबर त्या शाळा पाहून आले. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, तिच्यामागे नगरला पाहिलेलं ते काम होतं. सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडे अध्यापनाचं शिक्षण घेतलं, असं चरित्रकार सांगतात. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला, स्वतःची वाट धरली.

हिशेब मांडणाऱ्याला यात तोटाच दिसेल. १८५४-५५ मध्ये बोस्टनहून मिशनचे चिटणीस रूफस अँडरसन पाहणीला आले. त्यांचं मत असं की मिशनचं मुख्य काम उपदेश आणि स्वावलंबी मंडळ्या उभ्या करणं, शाळा दुय्यम. त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा होता असं नाही, परदेशी पैशावर मंडळी किती दिवस जगणार? पण नगरच्या शाळेचं सगळ्यात मोठं फळ त्यांच्या वहीत कोणत्या रकान्यात लिहिणार होते? फुले दांपत्याचं नाव सभासदांच्या यादीत नव्हतं.

इथून जवळच नरसी आहे, नामदेवांची नरसी. नामदेवांची पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. वारकरी पंथाचं त्यात काय गेलं? काहीच नाही. दिलेलं कुंपणापलीकडे पोचलं, एवढंच.

म्हणून सांगतो, आपल्या गावातलं देऊळ असो, मशीद असो, विहार असो की चर्च, एकदा विचारून पाहा: आपल्यात कधीच न येणाऱ्या शेजाऱ्याला आपला काय उपयोग? उद्या हे दार बंद झालं, तर त्याला चुकल्यासारखं वाटेल का? नगरच्या त्या लहानशा मंडळीचं उत्तर पुण्यातल्या एका वाड्यात सापडलं. आपलं कुठे सापडेल, ते आपण शोधायचं आहे.