बेकर, जिंजर

बेकर, जिंजर : (१९ ऑगस्ट १९३९–६ ऑक्टोबर २०१९). इंग्लिश ड्रमवादक. मूळ नाव पीटर एडवर्ड बेकर. जन्म लंडनच्या ल्युइशम भागात. वडील दुसऱ्या महायुद्धात मारले गेले. तरुणपणी सायकल शर्यतींचे वेड होते. पुढे ते जॅझकडे वळले. ड्रमवादक फिल सीमन यांनी त्यांना आफ्रिकी तालवाद्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकवल्या आणि त्या तालांनी त्यांना आयुष्यभर सोडले नाही.

‘ग्रॅहम बाँड ऑर्गनायझेशन’ या बँडमधील वादनानंतर १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन व जॅक ब्रूस यांच्यासह त्यांनी ‘क्रीम’ हा बँड उभारला. ब्रूस यांच्याशी त्यांचे कडाक्याचे वैर होते, तरीही मंचावर दोघांची लय विलक्षण जुळे. दोन बास ड्रम वापरून दोन्ही पायांनी स्वतंत्र ताल धरणे ही बेकर यांची खासियत. ‘टोड’ या रचनेतील त्यांचे प्रदीर्घ एकलवादन ‘व्हील्स ऑफ फायर’ (१९६८) या अल्बममध्ये ऐकावे : रॉक संगीतात ड्रम हे केवळ साथीचे वाद्य नाही, हे इतक्या ठामपणे क्वचितच कोणी दाखवले असेल. ‘क्रीम’ १९६८ मध्ये फुटला. त्यांचा पुढचा बँड ‘ब्लाइंड फेथ’ एका अल्बमपुरताच टिकला.

त्यानंतर ‘एअर फोर्स’ हा मोठा वाद्यवृंद आला. पुढे नायजेरियात लागोस येथे त्यांनी स्टुडिओ उभारला आणि तेथील संगीतकार फेला कुटी यांच्यासोबत वादन केले. स्वतंत्र अल्बमांपैकी बिल फ्रिझेल व चार्ली हेडन यांच्यासह केलेला ‘गोइंग बॅक होम’ (१९९४) सर्वांत परिपक्व वाटतो. ‘व्हाय?’ हा अल्बम २०१४ मध्ये आला.