मत्स्यपेटीतील पाण्याची तपासणी
घरगुती गोड्या पाण्याच्या मत्स्यपेटीतील अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, सामू व जडपणा मोजण्याची पद्धत. विष्ठा व उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. जीवाणू त्याचे नायट्राइट, मग बरेच सौम्य नायट्रेट करतात. ही साखळी बसायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर क्वचितच कोणी धरतो, आणि घाईने सोडलेले मासे दगावतात. चाचणीनळीतल्या पाण्यात चाचणी-रसायनाचे थेंब टाकून, हलवून, ठरलेल्या वेळेनंतर रंग तक्त्याशी ताडतात. अमोनियाच्या चाचणीत पिवळा रंग चांगला, हिरवा धोक्याचा. जडपणाचे म्हणाल तर, चारठाण्यासारख्या (ता. जिंतूर, जि. परभणी) काळ्या पाषाणाच्या मुलखात बोअरचे पाणी बहुधा जड असते. गप्पी माशांना ते मानवते, निऑन टेट्रांना नाही. काचेवर पाण्याच्या रेषेला धरणारा पांढरा थर ही जड पाण्याची खूण. तो व्हिनेगरने निघतो.