तळटीप १४ : पाळक बाबा

१४. मूळ मजकुरातील ‘पाळक बाबा’ म्हणजे रेव्हरंड बाबा पदमनजी (१८३१–१९०६). बेळगावात जन्मलेल्या बाबांनी तेथेच १८५४ मध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली व पुढे ते पुण्यातील फ्री चर्च मंडळीचे दीक्षित पाळक, म्हणजे उपासना चालवणारे व मंडळीची देखभाल करणारे धर्मसेवक झाले. फ्री चर्च ही १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चपासून फुटून निघालेली प्रेसबिटेरियन शाखा होय. ‘वडील’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘प्रेसबिटेरियन’ हे नाव पडले असून या पंथात बिशप नसतो, तर पाळक व मंडळीने निवडलेले वडील मिळून कारभार पाहतात. पाळकपद सोडल्यानंतर बाबांनी मुख्यतः ग्रंथलेखनाला वाहून घेतले, आणि मजकुरातील ‘निवृत्ती’ हा शब्द त्या पदापुरताच घ्यावयाचा आहे. विधवांच्या दुःस्थितीवरील त्यांचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी मानले जाते. ‘अरुणोदय’ (१८८८) हे त्यांचे आत्मचरित्र होय.