फळ्या लागलेले दिवस

थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, त्यांचे धाकटे बंधू नारायणराव यांच्या नावाने मुठेच्या काठी जी पेठ वसली, तिच्यात बाजार आणि घर यांची फारकत करणारी भिंत फार काळ नव्हती. रस्त्याकडच्या अंगाला एकदोन गाळे, त्यांत वाण्याचे किंवा वैद्याचे दुकान, बाजूने दिंडीदरवाजा, आत चौक, सोपा, माजघर आणि अगदी मागे स्वयंपाकघर, अशा रचनेच्या वाड्यात दुकानदार गादीवरून उठून बारा पावले चालला की गृहस्थ होई. आणि म्हणूनच सणावारी दुकान उघडे ठेवावे की मिटावे, हा जो प्रश्न आज वादाचा विषय झाला आहे, तो त्या काळी निराळा असा उपस्थितच होत नसे, कारण त्याचा निवाडा माजघरातून येणाऱ्या हाकेनेच होऊन जाई.

दुकान मिटणे म्हणजे फळ्या लावणे. खोबणीत एकामागून एक सरकवायच्या त्या उभ्या फळ्यांवर चुन्याने किंवा कोळशाने आकडे घातलेले असत, आणि क्रम चुकला तर शेवटची फळी काही केल्या बसत नसे. दुपारी जेवणाच्या वेळी त्या लागत, वामकुक्षी आटोपून तोंडावर पाणी मारले की निघत. पुणेकर दुकानदाराच्या या दुपारच्या विश्रांतीवर विनोद पुष्कळ झाले आणि त्यांतले काही चांगलेही आहेत; पण विनोद करणाराला हे सहसा सुचले नाही की, ज्याचे ताट दहा हातांवर वाढलेले आहे त्याने गिऱ्हाइकासाठी ते निवू द्यावे, अशी अपेक्षाच मुळात नवी आहे.

आठवड्याची सुटी हीसुद्धा आपल्याकडे पूर्वी सार्वत्रिक नव्हती. गवंडी-सुतारांचे काम अमावास्येला बंद असे, पोळ्याला बैलाच्या मानेवर जू चढत नसे, खंडेनवमीला हत्यार पूजेत गेले की ते हाती धरावयाचे नाही अशी वहिवाट होती. म्हणजे विसावा तिथीने ठरे आणि ज्याच्या त्याच्या धंद्याने व दैवताने ठरे. कोकणातल्या तेल्यांचे उदाहरण या बाबतीत मोठे बोलके आहे: शंकराच्या वारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, आणि त्याच किनाऱ्यावर तेल गाळणारे बेने इस्रायल लोक आपल्या धर्माप्रमाणे शनिवारी काम करीत नसत म्हणून ते शनिवार तेली. शेजाऱ्यांनी त्यांच्या धर्माची ओळख करून घेतली ती घाणा कोणत्या दिवशी थांबतो यावरून!

रविवार आला तो कचेरीच्या दाराने. १८८१ च्या हुंड्या व चलनपत्रांविषयीच्या कायद्याने रविवार, नाताळ, गुड फ्रायडे हे दिवस सार्वजनिक सुटीचे ठरवले, आणि कारकुनाच्या घरातले वेळापत्रक पंचांगाऐवजी सरकारी गॅझेटाकडे पाहू लागले. गिरणीकामगारांना मात्र ही सुटी कोणी आपणहून दिली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत सभा भरवून, अर्ज पाठवून जो तगादा लावला, त्याचे फळ १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या ठरावाने मिळाले. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीचे एक समर्थन होते असे सांगतात. नारायण पेठेतल्या दुकानदाराला या दोन्ही गोष्टींशी कर्तव्य नव्हते. कारकुनाला रविवारी सवड मिळते तर रविवारी फळ्या उघड्या हव्यात, एवढाच बोध त्याने घेतला, आणि तो व्यवहाराला धरूनच होता.

सण आणि खरेदी यांचे वैर आहे असे जे हल्ली गृहीत धरले जाते, त्याला आपल्या परंपरेत मुळीच आधार नाही. गुढीपाडवा, अक्षय्यतृतीया, दसरा आणि अर्धा बलिप्रतिपदेचा, हे साडेतीन मुहूर्त म्हणजे खरेदीला शास्त्राने दिलेले परवानेच होत. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तर दुकान हेच देवघर होई. नव्या कीर्द-खतावणीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक निघे, वर 'श्री', खाली 'शुभ लाभ'. पुढे लाह्या-बत्तासे, धने-गूळ, आणि कोपऱ्यात हळदकुंकू लावलेली नवी केरसुणी. घरातली बायकामुले जरीच्या कपड्यांत गादीपाशी येऊन बसत, पोऱ्याला पोस्त मिळे, आणि त्या रात्री तागडीत काही तोलले गेले तरी त्याला काम म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. १९०५ साली लोकमान्यांनी सयाजीराव गायकवाडांकडून घेतलेल्या आणि पुढे केसरीवाडा म्हणून प्रसिद्धीस आलेल्या वाड्यामुळे ही पेठ वर्तमानपत्राचीही झाली होती. छापखान्याच्या धंद्यात दसऱ्याला यंत्राला झेंडूची माळ चढे. पण त्याआधीचे आठपंधरा दिवस दिवाळी अंकांचे खिळे जुळवता जुळवता जुळाऱ्याची बोटे काळी होत. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून महाराष्ट्राने दिवाळीत लोळून वाचण्याची जी चैन सुरू केली, तिचा खर्च अशा रीतीने कोणाच्या तरी जागरणातून भागत आला आहे. (सण कोणत्या दिवशी, यावरही या पेठेत एकमत गृहीत धरता येत नाही. टिळक पंचांग मानणाऱ्यांचा अधिक मास इतरांहून निराळा पडला की गणेशचतुर्थी दोनदा येते, आणि मोदकाचे साचे विकणाऱ्याला त्याचे दुःख होत नाही.)

आणि तो माजघरातला विसावा? त्याचे गोडवे गाताना आपण पुरुषमंडळी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. होळीच्या दिवशी फळ्या लागत तेव्हा चूल मात्र पहाटेपासून पेटलेली असे. सोवळ्यातली कोणी आजी पुरण पाट्यावर वाटीत असे, सून कणीक तिंबत असे, आणि मालक, कारकून, आला-गेला अशा पंक्ती उठेपर्यंत दिवस कलत असे. आज त्याच पेठेत सणाच्या आदल्या दिवशी तयार पुरणपोळीची मागणी नोंदवून जाणारी बाई परंपरा मोडते की त्या सुनेची राहून गेलेली सुटी उशिरा वसूल करते, याचा निर्णय मी तरी तिच्याविरुद्ध देणार नाही. ती पोळी लाटणारी दुसरी बाई त्या दिवशी आपल्या घरी कधी पोचते, ही मात्र निराळी फिर्याद आहे.

मुंबई सरकारने १९३९ साली आणि पुन्हा १९४८ साली दुकानांसाठी कायदा केला. दुसऱ्या कायद्यान्वये प्रत्येक दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणे सक्तीचे झाले, मग त्यात नोकर असो वा मालक एकटाच बसो. माजघराच्या हाकेची जागा इन्स्पेक्टराच्या फेरीने घेतली. पण खरी उलथापालथ केली ती कायद्याने नव्हे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेचे पाणी पेठेत शिरले आणि नदीकाठचे मातीचे वाडे बसले. पुढच्या दशकांत उरलेल्या वाड्यांच्या जागी सिमेंटच्या इमारती उठल्या. तळमजल्याला गाळे पूर्वीसारखेच राहिले, परंतु त्यांच्यामागे माजघर राहिले नाही. मालक नदीपलीकडे कोथरूडला राहू लागला, फळ्यांच्या जागी लोखंडी शटर आले, आणि दुपारच्या जेवणाचा डबा दुकानातच उघडू लागला. दुकान मिटण्याचे घरगुती कारणच नाहीसे झाले, ते येथे.

म्हणून २०१७ साली मिठाईवाल्या चितळे बंधूंनी दुपारी एक ते चार दुकान उघडे ठेवण्याचे ठरवले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली, याचे नवल वाटले तरी त्या निश्चयाचे वाटू नये. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमलात आलेल्या नव्या कायद्याने दुकाने वर्षाचे सर्व दिवस उघडी ठेवण्याची मुभा दिली. कामगाराला आठवड्याची रजा पाळीपाळीने, आणि वर्षाकाठी आठ पगारी सुट्या. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार सणांच्या, मालक आणि कामगार यांनी वर्षारंभी आपसात ठरवायच्या. दसरा, पाडवा, धनत्रयोदशी हे तर दुकानाच्या कमाईचे दिवस. तेव्हा लक्ष्मी रस्त्यावरच्या कापडाच्या दुकानात उभ्या असणाऱ्या मुलीच्या वाट्याला त्या चारांत भाऊबीज आली तर तिने नशीब म्हणावे. पण हा नवा कायदा मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांनाच पुरता लागू होता. त्याहून लहान दुकानाने, आणि पेठेतली बरीचशी तशीच आहेत, सरकारला नुसती वर्दी दिली की काम भागे. अशा दुकानातल्या पोऱ्याची सणाची सुटी पेशवाईत होती तशीच मालकाच्या मर्जीवर राहिली. फरक इतकाच की त्या मालकाला जेवायला बोलावणारी हाक आता कोथरूडहून फोनवर येते.