सागर परिक्रमेतील दुरुस्ती आणि ऋतुमान : 'म्हादेई' व 'तारिणी' यांचा अनुभव

कोकण किनाऱ्यावरील शिडाच्या नौकानयनाचा इतिहास हा विश्रांतीच्या ऋतूचाही इतिहास आहे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या, त्यांची डागडुजी करायची आणि नारळी पौर्णिमेनंतर त्या पुन्हा समुद्रात लोटायच्या, हा येथील परिपाठ. मराठा आरमारही पावसाळ्यात बंदर सोडीत नसे. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीवर गिर्ये येथे खडकात खोदलेली गोदी त्या काळच्या दुरुस्तीव्यवस्थेची साक्ष देते. जगप्रदक्षिणेच्या सफरीत मात्र असा हक्काचा विसावा नसतो.

व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून साकारलेल्या 'सागर परिक्रमा' उपक्रमात कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी 'म्हादेई' घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. ऐन पावसाळ्यात निघण्याचे कारण दूरवरच्या केप हॉर्नमध्ये होते. दक्षिण गोलार्धातील उन्हाळा ओसरण्यापूर्वी ते टोक ओलांडणे श्रेयस्कर असते. अभिलाष टॉमी यांनी ते जानेवारी २०१३ मध्ये ओलांडले, तर 'तारिणी'ने जानेवारी २०१८ आणि पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये. साहजिकच फ्रीमँटल किंवा लिटलटन बंदरात दुरुस्तीवर खर्च होणारा प्रत्येक दिवस हॉर्नच्या हिशेबातून वजा होई. 'म्हादेई' गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली जात असताना दोंदे तेथे हजर होते. नौकेचा सांधा न् सांधा ठाऊक असणे ही एकट्या नाविकाची खरी शिदोरी. टॉमी यांच्या विनाथांबा सफरीत तर बंदरच वर्ज्य होते. जी दुरुस्ती व्हायची ती भर समुद्रातच.

लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी 'तारिणी'तून गोव्याहून निघाल्या. केपटाउन सोडल्यानंतर, शेवटच्या टप्प्यात, सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. मागून येणाऱ्या लाटांत सुकाणू निकामी झाले तर नौका आडवी फिरून कलंडण्याचा धोका असतो. एप्रिल २०१८ मध्ये नौका मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात नेण्यात आली. हा थांबा मूळ आराखड्यात नव्हता. गौरवपर लेखनात २५४ दिवसांचा आकडा आवर्जून येतो, पोर्ट लुईचा उल्लेख मात्र ओझरता असतो. वस्तुतः तो निर्णय हॉर्न ओलांडण्याइतकाच नाविकांच्या कसोटीचा होता, कारण समोर अरबी समुद्रातील मोसमी पावसाची मुदत होती. 'तारिणी' २१ मे २०१८ रोजी गोव्यात पोहोचली. गोव्याच्या किनाऱ्यावर पाऊस सामान्यतः जूनच्या पहिल्या आठवड्यात दाखल होतो.