भारत एफसी : एका हंगामाचा संघ

पुण्याच्या कल्याणी उद्योगसमूहाने २०१४ मध्ये उभारलेला भारत एफसी हा व्यावसायिक फुटबॉल क्लब राष्ट्रीय आय-लीग स्पर्धेचा केवळ एक हंगाम खेळला. जानेवारी २०१५ मध्ये मैदानात उतरलेला हा संघ मेअखेर तळाच्या स्थानी राहिला आणि पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच विसर्जित झाला.

आय-लीगमध्ये येण्याचा रूढ मार्ग द्वितीय श्रेणी स्पर्धेतून जात असे. भारत एफसीला ती पायरी चढावी लागली नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने उद्योगसमूहांसाठी थेट प्रवेशाची सोय केली होती व अशा संघांना सुरुवातीला पदावनतीपासून अभयही दिले होते. जेएसडब्ल्यू समूहाचा बेंगळुरू एफसी २०१३ मध्ये याच दाराने आला आणि पहिल्याच हंगामात विजेता ठरला. त्यामुळे कल्याणी समूहाचे धाडस त्या वेळी अवाजवी वाटले नाही.

समूहातील भारत फोर्ज या कंपनीची आठवण देणाऱ्या या संघाचे प्रशिक्षकपद इंग्लंडचे स्टुअर्ट वॉटकिस यांच्याकडे होते. भारतीय संघाचा अनुभवी बचावपटू गौरमांगी सिंग आणि बार्न्सलीकडून दीर्घकाळ खेळलेला बॉबी हॅसेल ही त्यातील परिचित नावे. मात्र संघबांधणीला अवधी फारच थोडा मिळाला. प्रेक्षकांचा प्रश्न तर त्याहून बिकट होता. बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडानगरीतील मैदान हे भारत एफसीचे घर. पण तेच २००७ पासूनच्या पुणे एफसीचेही होते आणि नव्या इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटीचेही. एकाच शहरात, एकाच मैदानावर तीन व्यावसायिक संघ! कामठीच्या रब्बानी क्लबसारख्या वस्तीतून वाढलेल्या संघाला आपला प्रेक्षक शोधावा लागत नाही. भारत एफसीपाशी ना वस्ती होती, ना परंपरा.

अकरा संघांच्या त्या स्पर्धेत मोहन बागान विजेता ठरला आणि भारत एफसी अकरावा. तरीही पदावनती वाट्याला आली ती दहाव्या क्रमांकावरील डेम्पोच्या. पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला गोव्याचा हा संघ खाली गेला; अभय लाभलेला तळाचा संघ मात्र स्वतःच निघून गेला. नियमाला धरून झालेला हा प्रकार क्रीडान्यायाला धरून होता, असे म्हणणे कठीण आहे.

माघारीमागे आय-लीगच्या भवितव्याविषयीची अनिश्चितता होती. महासंघाने २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, सातशे कोटी रुपयांचा करार केला होता. त्यातूनच २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग अवतरली. प्रायोजक आणि दूरचित्रवाणीचा ओघ तिकडे वळला. २०१५ मध्येच पुणे एफसीने आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या शिलाँगच्या रॉयल वाहिंगडोहनेही आय-लीग सोडली. ऐझॉल एफसी आणि पुण्याचाच डीएसके शिवाजीयन्स हे दोन नवे संघ येऊनही २०१५-१६ च्या हंगामात नऊच संघ उरले.

डीएसके शिवाजीयन्सचा मुक्काम दोन हंगामांचा ठरला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला व त्याची जागा हैदराबाद एफसीला मिळाली. डेम्पोला मात्र आय-लीगमध्ये पुन्हा खेळण्यासाठी २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली. तो परतला द्वितीय श्रेणीतूनच.